हसलो तिथेच फसलो

हे पुस्तक एका दोनशे पानी वहीतून निघालं आहे. रात्रीची जेवणं आटोपली की मी एक सिनेमा लावायचो आणि वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायचो. डावीकडे मथळा 'हसलो', उजवीकडे 'फसलो'. हसू आलं की ती वेळ डावीकडे टिपायची. सिनेमा संपला, खुनी कोण ते कळलं, की मागे जाऊन शोधायचं : ज्या धाग्यानं तो पकडला गेला तो आपल्या डोळ्यांसमोरून नेमका कधी सरकला होता? ती वेळ उजवीकडे. यातून काही सिद्ध करायचं नव्हतं. झोप येत नव्हती, एवढंच.

पंधरा-वीस सिनेमे झाल्यावर एकदा वही सहज चाळली. जे सिनेमे मनापासून आवडले होते त्यांच्या पानांवर दोन्ही रकान्यांतल्या वेळा शेजारी शेजारी होत्या. काही ठिकाणी तर मिनिटही तेच. जे फसले होते त्यांच्या पानांवर डावा रकाना एका गावाला आणि उजवा दुसऱ्या. पहिला अर्धा तास विनोदाचा, मग सगळ्यांचे चेहरे गंभीर, मग खून, मग चौकशी, आणि मधेच कुणाला तरी आठवण झाल्यासारखा एक विनोदी हवालदार. माझं म्हणणं तिथं ठरलं आणि पुढची सगळी प्रकरणं त्याभोवतीच फिरतात. विनोदी रहस्यपटात विनोद हा रहस्यावर टाकलेला मसाला नसतो. तो लपवण्याची जागा असतो. माणूस हसत असतो त्या दोन-तीन सेकंदांत त्याचा पहारा उठलेला असतो आणि हुशार दिग्दर्शक नेमका तेव्हाच चोरमाल आत आणतो.

रस्त्यावरच्या जादूगाराला हे कुणी शिकवावं लागत नाही. जमुऱ्याच्या उलट्या उत्तरावर लोक हसतात तेव्हा त्याचा दुसरा हात पिशवीत गेलेला असतो.

सिनेमात हे करणं जादूगाराहून अवघड आहे. कॅमेरा चुगलखोर आहे. टेबलावरची चावी त्यानं एकटी, पडदाभर दाखवली की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं की या चावीचं पुढे काहीतरी होणार. शुद्ध रहस्यपटाला असा क्लोजअप लागतोच, कारण उद्या कुणी 'आम्हाला दाखवलंच नव्हतं' म्हणून भांडायला नको. विनोदाला मात्र क्लोजअप मानवत नाही. माणूस घसरून पडतो तेव्हा त्याचे पाय, केळीचं साल आणि पलीकडून येणारी बायको हे तिन्ही एका चौकटीत दिसले तरच हसू येतं. म्हणजे एकाला जवळ जायचं आहे, दुसऱ्याला लांब राहायचं आहे. या प्रकारातले बरे दिग्दर्शक ही ओढाताण एका साध्या युक्तीनं सोडवतात. चौकट रुंद ठेवायची, डाव्या कोपऱ्यात गंमत चालू ठेवायची आणि उजव्या कोपऱ्यात चावी पडू द्यायची. दाखवली तर आहे. बघितली नाही हा तुमचा प्रश्न.

१९३४ सालचा 'द थिन मॅन' या युक्तीचं पहिलं मोठं दुकान. डॅशिएल हॅमेटची कादंबरी त्याच वर्षी आली होती. डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक या दिग्दर्शकाला हॉलिवुडात 'वन-टेक वुडी' म्हणायचे, इतका त्याचा हात झपाझप चाले. हा सिनेमाही त्यानं तीन आठवड्यांच्या आत उरकला. विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय हे नवरा-बायको, त्यांच्या हातातले पेले आणि अ‍ॅस्टा नावाचं त्यांचं भित्रं कुत्रं. नाताळच्या सकाळी नवरा सोफ्यावर लोळत खेळण्यातल्या हवेच्या बंदुकीनं झाडावरचे फुगे फोडतो आणि बायको त्याच्याकडे बघते. त्या बघण्यात त्यांचा सगळा संसार आहे. पण मला दाखवायचा आहे तो दुसरा प्रसंग. रात्री हा नवरा, निक, कुत्र्याला घेऊन बंद पडलेल्या कारखान्यात शिरतो. आतापर्यंत अ‍ॅस्टानं फक्त हसवलेलं आहे. धोका दिसला की लपायचं हा त्याचा खाक्या. त्यामुळे तो जमीन हुंगायला लागतो तेव्हा आपण आणखी एका विनोदाच्या तयारीत बसलेले असतो. आणि जमिनीखाली प्रेत निघतं. जेम्स वाँग हाउ यांचा कॅमेरा तोवर दाट काळोखात गेलेला असतो, पण आपलं तोंड अजून हसरंच असतं. ते मिटायला जो वेळ लागतो त्यात या प्रकाराची सगळी कारागिरी आहे.

या सिनेमाच्या शेवटी संशयितांना जेवायला बोलावून सगळ्यांदेखत उलगडा करण्याचा सोहळा आहे. वाढप्यांच्या वेशात पोलीस आहेत आणि त्यांना धड ताटही धरता येत नाही. गंमत अशी की निकला स्वतःलाच खुनी कोण ते पक्कं ठाऊक नाही. तो सांगतो तसं खरंच घडलं का, असं बायको त्याला हळूच विचारते. त्याला ठाऊक नसतं, पण याखेरीज दुसरं काही जुळत नाही, म्हणून तो बोलत राहतो. गुप्तहेराच्या सर्वज्ञपणाची इतकी प्रेमळ टिंगल त्याआधी पडद्यावर झाली असेल असं मला वाटत नाही.

जुन्या वाड्याची परंपरा याहूनही मागची. १९२७ साली पॉल लेनी या जर्मन दिग्दर्शकानं अमेरिकेत जाऊन 'द कॅट अँड द कॅनरी' केला. मूळ नाटक जॉन विलर्डचं. मृत्युपत्राचं वाचन, वादळी रात्र, भिंतीतून बाहेर येणारा हात, एकीकडे किंकाळी आणि दुसरीकडे पलंगाखाली दडलेला भेकड नायक. पुढच्या शंभर वर्षांचं सामान त्या एका घरात आहे. आपल्याकडे ते 'गुमनाम'मधून आलं, १९६५ साली. दिग्दर्शक राजा नवाथे, नायिका म्हणजे मास्टर विनायकांची मुलगी नंदा, आणि सोबत धुमाळ. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९च्या कादंबरीचा सांगाडा, त्यावर शंकर-जयकिशनची गाणी. मेहमूदचा लुंगीतला खानसामा हा इथला खरा डाव आहे. 'खुनी नोकरच असणार' हा संशय रहस्यकथेइतकाच जुना. त्या जागी मेहमूदला बसवलं की प्रेक्षक कायमचा गोंधळतो. हा इतका हसवतो आहे म्हणजे हा असणार नाही, की म्हणूनच हा? सिनेमा म्हणून 'गुमनाम' मला फार मोठा वाटत नाही. मधली प्रेमगीतं आली की माझी वही कोरी राहते.

आता प्रेताबद्दल. हा विषय प्रस्तावनेत येऊ नये असं काहींचं म्हणणं होतं, पण प्रेताशिवाय या पुस्तकाला अर्थ नाही.

गंभीर रहस्यपटात प्रेत हा प्रश्न असतो. विनोदी रहस्यपटात ते सामान असतं. जड, आकाराला अडनिडं, कुठं ठेवावं कळत नाही आणि पाहुणे यायची वेळ झालेली. हिचकॉकच्या १९५५च्या 'द ट्रबल विथ हॅरी'त व्हरमाँटच्या रंगीत पानगळीत हॅरी नावाचा गृहस्थ मरून पडलेला आहे. त्याचे तळवे कॅमेऱ्याच्या इतके जवळ की तेच नायक वाटावेत. गावातला डॉक्टर पुस्तक वाचत वाचत येतो, त्याला अडखळतो आणि पुढे जातो. तिघांना आपापल्या परीनं वाटतं की हा आपल्या हातून मेला, त्यामुळे बिचारा दिवसभर पुरला जातो आणि उकरला जातो. कुणी रडत नाही, किंचाळत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी येतं त्याबद्दल सोसायटीत बोलावं तसे सगळे त्याच्याबद्दल बोलतात. विनोद तिथं प्रेतात नाही, स्वरात आहे.

कुंदन शहांनी १९८३ साली 'जाने भी दो यारों'मध्ये हेच प्रेत मुंबईत आणलं आणि त्याला पदही दिलं : महापालिका आयुक्त डिमेलो. सतीश शहांनी ही भूमिका केली आणि मेल्यावर ते जिवंतपणीपेक्षा जास्त काम करतात. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे सुमारे सात लाख रुपये, ओळखीपाळखीतले नट, आणि विनोद व सुधीर हे दोन भाबडे फोटोग्राफर. स्पर्धेसाठी काढलेल्या एका फोटोच्या कोपऱ्यात त्यांना काहीतरी खटकतं. डार्करूममध्ये ते तो तुकडा मोठा करतात, आणखी मोठा करतात, आणि कागदावर खून उमटत जातो. ज्या बागेत हे घडलं तिचं नाव अंतोनिओनी पार्क. १९६६च्या 'ब्लो-अप'ला केलेला हा नमस्कार सिनेमावेडे एकमेकांना कोपरखळी मारून दाखवतात. त्यात मीही आलो. पण फरकाकडे फारसं कुणी बघत नाही. अंतोनिओनीच्या फोटोग्राफरचा फोटो जितका मोठा होतो तितका तो ठिपक्यांत विरघळतो. शेवटी खून झाला होता की नाही तेच कळेनासं होतं. कुंदन शहांच्या फोटोत सगळं स्वच्छ दिसतं. खुनी दिसतो, मेलेला दिसतो, पिस्तूल दिसतं. आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. बिल्डर, कंत्राटदार, पोलीस, वर्तमानपत्र, सगळे एकाच पंगतीला बसलेले आहेत. रहस्य उलगडलं की न्याय मिळतो हा रहस्यपटाचा सर्वांत जुना करार. तो इथं हसत हसत फाडला आहे. वर्तमानपत्राच्या संपादकाच्या कामात भक्ती बर्वे आहेत. रंगभूमीवर फुलराणी म्हणून जिच्यावर महाराष्ट्रानं जीव टाकला, तिच्या त्याच लाघवी आवाजाचा कुंदन शहांनी असा उपयोग करून घेतला की मराठी प्रेक्षक इतरांपेक्षा जरा जास्तच फसतो. माझ्या वहीत तिच्या प्रवेशाजवळ उजव्या रकान्यात नुसती उद्गारचिन्हं आहेत.

मधेच शवपेटी रस्त्यावर येते आणि ओम पुरींचा झिंगलेला आहुजा तिला बिघडलेली मोटार समजतो. आतल्या गृहस्थाशी गप्पा मारतो, मदत करू बघतो, शेवटी आपल्या गाडीला बांधून ओढत नेतो. प्रसंग लांबतो, नको इतका लांबतो, आणि म्हणूनच चालतो. रेणू सलुजांनी तो लवकर कापला असता तर नुसता एक विनोद उरला असता. इथं वेळ जातो तसा आपल्याला त्या प्रेताबद्दल संकोच वाटू लागतो.

मग महाभारत. पाठलागात सगळे नाटकाच्या रंगमंचावर घुसतात, प्रेताला साडी नेसवून द्रौपदी केलेलं आहे, वस्त्रहरण झालं तर भांडं फुटणार, म्हणून दुर्योधनाला ऐनवेळी सद्बुद्धी सुचावी लागते. बघता बघता त्यात मोगल दरबारही शिरतो. या सगळ्या कल्लोळात धृतराष्ट्र पुनःपुन्हा एवढंच विचारत राहतो की हे चाललंय तरी काय. ज्याला दिसत नाही तोच एक माणूस योग्य प्रश्न विचारतो आहे. पस्तीस वर्षांनी श्रीराम राघवन यांनी जवळजवळ याच जागेवर एक अख्खा सिनेमा उभा केला. ते कुणाच्या मनात होतं असं मी म्हणत नाही. माझ्या वहीत मात्र ती दोन पानं मी टाचणीनं जोडून ठेवली आहेत.

'अंधाधुन' २०१८चा. बीज ऑलिव्हिए त्रेने यांच्या एका छोट्या फ्रेंच सिनेमाचं, जमीन पुण्याची. आकाश पियानो वाजवतो आणि आंधळा असल्याचं सोंग करतो. जुन्या नटाच्या घरी लग्नाच्या वाढदिवसाला वाजवायला म्हणून जातो. नट जमिनीवर मरून पडलेला आहे, बायको सिमी दारात उभी आहे, आणि शेजारीण बघते आहे म्हणून तिला या 'आंधळ्या'ला आत घ्यावं लागतं. तो वाजवायला बसतो. त्याला सगळं दिसतं. बाथरूममध्ये जातो तर तिथं सिमीचा मित्र पिस्तूल घेऊन उभा, आणि याला समोर कुणी नाही असं समजून लघवी करायची आहे. परत येऊन पुन्हा वाजवायचं आहे. मागे प्रेत उचललं जातं, पेटीत कोंबलं जातं, फरशी पुसली जाते. सगळं हातवाऱ्यांत, तोंडातून शब्द न काढता, कारण पाहुणा आंधळा आहे, बहिरा नव्हे.

हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब प्रत्येक सिनेमाविषयक पुस्तकात ठेवलेला असतो, म्हणून इथंही एकदा ठेवतो : प्रेक्षकाला बॉम्ब दिसतो आणि बसलेल्यांना दिसत नाही, तेव्हा ताण तयार होतो. राघवन यांनी त्यात एक जादा खुर्ची टाकली. बसलेल्यालाही बॉम्ब दिसतो आहे, पण तो दिसत नाही असं त्याला दाखवायचं आहे. आयुष्मान खुराणाचा चेहरा त्या सात-आठ मिनिटांत दोन प्रेक्षकांसाठी काम करतो. घरातल्यांसाठी कोरा; आपल्यासाठी तुडुंब. के. यू. मोहनन यांचा कॅमेरा शांतपणे बघतो, धावत नाही. आणि पूजा लढा सुरती यांचं संकलन पियानोच्या तालावर चालतं, त्यामुळे प्रेत ओढण्यालाही एक लय येते. हीच ती रुंद चौकट. फक्त इथं गंमत आणि चावी एकाच कोपऱ्यात आहेत. हसायचं की घाबरायचं हे ठरवण्याआधीच दोन्ही झालेलं असतं. पुण्यात हा सिनेमा पाहिला तेव्हा माझ्यामागचे एक आजोबा या प्रसंगात इतके मोठ्यानं हसले की पुढच्या रांगेतून कुणीतरी 'शू' केलं. आजोबांचं बरोबर होतं. 'शू' करणाऱ्याचंही.

शेवटच्या उलगड्याची गंमत मी वेगळ्या प्रकरणात घेतली आहे, त्यामुळे इथं एकच नमुना. खेळाच्या पटावरून काढलेला 'क्लू' १९८५ साली आला तेव्हा त्याला तीन शेवट होते आणि वेगवेगळ्या थिएटरांत वेगवेगळा शेवट लावला गेला. लोकांनी पाठ फिरवली. पुढे व्हिडिओवर तिन्ही शेवट एकापाठोपाठ एक जोडले तेव्हा कुठं सिनेमाला त्याचे भक्त मिळाले. शेवटांपेक्षा मला टिम करीचा खानसामा जास्त महत्त्वाचा वाटतो. उलगडा सांगताना गुप्तहेर शेकोटीपाशी उभा राहून बोलतो आणि प्रेक्षक जांभया देतो; हा खानसामा सबंध रात्र पुन्हा करून दाखवतो, एका खोलीतून दुसरीत धावत, सगळ्यांचे आवाज काढत, मेलेल्यासारखा पडत, उठत, आणि बाकीची मंडळी धापा टाकत त्याच्यामागे. माहिती तीच. फक्त ती पायांनी सांगितली आहे. रायन जॉन्सनच्या 'नाइव्ह्ज आउट'मध्ये (२०१९) हीच हुशारी पोटात आहे : मार्ताला खोटं बोललं की उलटी होते. ऐकायला शाळकरी विनोद, पण त्यानं लेखकाचे हातपाय असे बांधले की तिला प्रत्येक जबानीत खरं बोलूनच लपवावं लागतं.

मराठीचं काय, असं विचारलं जाईल. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, बबन प्रभूंच्या फार्सांनी रंगमंचावरच्या दारांना अभिनय करायला लावलं. पण हे दोन शेजारी फारसे एकमेकांच्या घरी गेले नाहीत. वास्तविक 'झोपी गेलेला जागा झाला'सारख्या फार्सात रहस्यपटाचं सगळं यंत्र तयार आहे : कोण कुठल्या दारामागे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, पात्रांना नाही. त्यात फक्त प्रेत कमी. महेश कोठारे यांनी तो सांधा आपल्या पद्धतीनं जुळवला. 'झपाटलेला'मध्ये (१९९३) रामदास पाध्यांनी घडवलेली तात्या विंचू ही बाहुली जिवंत आहे हे लक्ष्याला माहीत, आपल्याला माहीत, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नाही. लहानपणी तात्या विंचूची भीती वाटायची असं माझ्या वयाचे सगळे सांगतात. आता पुन्हा बघितल्यावर मला भीती वाटली ती लक्ष्याच्या एकटेपणाची. लक्ष्मीकांत बेर्डे जीव तोडून खरं सांगतो आहे आणि त्याच्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य लोकांना विनोद वाटतं. विनोदी नटाला साक्षीदार केलं की असं होतं. हे प्रकरण लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि ते सगळ्यात लांब आहे, त्याबद्दल तक्रार करू नये.

काही गोष्टी या पुस्तकात नाहीत. नुसती भुताची विनोदी चित्रं सोडली आहेत. भुतानं खून केला असेल तर तपासाला अर्थ राहत नाही. सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला'तला जटायू (१९७४) फक्त तळटिपेत आला आहे, कारण त्याच्यावर लिहायला लागलो तेव्हा आवरेना आणि ते वेगळंच पुस्तक व्हायला लागलं. मालिकाही नाहीत.

खुनी कोण ते मी कुठंही सांगितलेलं नाही. भक्ती बर्वेंबद्दल वर जरा जास्त बोललो, पण खुनी त्या नाहीत. 'हॅरी'च्या प्रकरणात मात्र सरळ सगळं सांगून टाकलं आहे. तिथं लपवण्यासारखं काही नाही, पानगळ बघायलाच जायचं. बाकी ठिकाणी उजव्या रकान्यातली मिनिटं छापली आहेत, ती बघून तुम्ही सिनेमा थांबवलात तर चौकटीत काय आहे ते दिसेल. पण हे दुसऱ्यांदा बघताना करा. पहिल्यांदा फसणं हा तुमचा हक्क आहे.

'अंधाधुन'च्या शेवटाबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. शेवटच्या मिनिटात परदेशातल्या एका रस्त्यावर एक रिकामा डबा पडलेला असतो, एवढंच इथं म्हणतो. ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं ठाऊक आहे. माझ्या मते त्या डब्यावरून एकच गोष्ट सिद्ध होते. बायकोच्या मते मी सिनेमा नीट बघितलेलाच नाही, कारण त्याच्या जरा आधी सांगितलेल्या गोष्टीतला ससा माझ्या ध्यानात आला नाही. त्यावर मी अकरा पानांचं प्रकरण लिहिलं होतं. या पुस्तकाची प्रुफं तिनं तपासली. ते प्रकरण पुस्तकात नाही.